मूळ आणि पर्यायी मॅगझिन : पिस्तुलाच्या विश्वसनीयतेचा एक विचार

१. प्रश्न आणि संज्ञा

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या सर्व भागांत मॅगझिन हा सर्वांत स्वस्त, सर्वांत अधिक हाताळला जाणारा आणि सर्वांत कमी विचारात घेतला जाणारा भाग होय. नळी, चाप किंवा नेम यांविषयी अभ्यासकांना जेवढे औत्सुक्य असते, तेवढे या पत्र्याच्या डबीविषयी सहसा आढळत नाही. तथापि पिस्तूल ऐन वेळी अडले, तर कारण शोधणाऱ्याला प्रथम काडतुसाकडे आणि मॅगझिनकडेच पाहावे लागते. म्हणूनच पिस्तूल घडविणाऱ्या कारखान्याचे मॅगझिन आणि अन्य उत्पादकाने त्याच पिस्तुलासाठी केलेले मॅगझिन यांत विश्वसनीय कोणते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. प्रस्तुत लेखात पहिल्यास ‘मूळ’ व दुसऱ्यास ‘पर्यायी’ असे म्हटले आहे. खोट्या नाममुद्रेने विकले जाणारे नकली मॅगझिन ही तिसरीच जात असून तिचा विचार येथे अभिप्रेत नाही.

‘मॅगझिन’ हा शब्द मूळचा अरबी ‘मखजन’ म्हणजे कोठार यावरून युरोपीय भाषांत गेला आणि इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे परत आला. कोठार म्हटले की पुरवठा आला, आणि पुरवठा म्हटला की तो स्वतःचा की बाहेरचा हा प्रश्न आलाच. दख्खनच्या युद्धांत सैन्याचे फिरते धान्यकोठार म्हणजे बंजाऱ्यांचा बैलांचा तांडा. १८०३ मध्ये अडगाव व गाविलगड येथपर्यंत वऱ्हाडात चालून आलेल्या आर्थर वेलस्लीने सरकारी धान्य आणि स्वतःचे बैल बाळगूनही या तांड्यांवर भिस्त ठेवली होती. पुरवठा करणारा सैन्याचा नोकर आहे की नाही, यापेक्षा धान्य ठरल्या वेळी, ठरल्या जागी आणि ठरल्या मापाने पोचते की नाही, हेच तेथे निर्णायक होते. मॅगझिनच्या बाबतीतही प्रश्नाचे स्वरूप याहून फारसे निराळे नाही.

२. मॅगझिनचे कार्य व त्याचे दोष

मॅगझिनचे चार भाग असतात : डबी, तळाची झाकणी, स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या टोकावर बसून काडतुसांना वर रेटणारा फॉलोअर. डबीच्या तोंडाशी दोन्ही कडा आत वळविलेल्या असतात. त्यांना आपण ओठ म्हणू. वरचे काडतूस या ओठांखाली दबून राहते. गोळी सुटताच पिस्तुलाचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि परत पुढे येताना ओठांखालचे काडतूस ढकलीत नळीच्या मागील कोठीत नेतो. ही सारी क्रिया सेकंदाच्या काही शतांश भागात उरकते. त्या अल्प अवधीत पुढील काडतूस योग्य उंचीवर, योग्य कोनात येऊन उभे राहिले पाहिजे. न आल्यास सरकता भाग त्याच्यावरून रिकामाच पुढे जातो, किंवा त्याला मध्येच पकडून अडकतो.

यावरून दोषांची स्थाने सहज ध्यानात येतात. ओठ किंचित फाकले तर काडतूस लवकर सुटते व त्याचे नाक वर उचलले जाते. ते आवळले गेले तर काडतूस उशिरा सुटते. ओठांतील अंतराचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, गेजलाच कळतो. ओठांच्या पत्र्याला योग्य प्रकारे पाणी दिलेले नसेल, तर आज बरोबर असलेले अंतर काही महिन्यांनी, एकदोनदा जमिनीवर पडल्यानंतर, बरोबर राहत नाही. स्प्रिंगच्या बाबतीत दोन टोके कठीण असतात. मॅगझिन पूर्ण भरलेले असता काडतुसांचे वजन व घर्षण सर्वाधिक असते. शेवटच्या काडतुसाच्या वेळी स्प्रिंगचा रेटा सर्वांत कमी असतो. म्हणून भरणातील दोषांची नोंद करताना तो कितव्या काडतुसाला घडला, हे लिहून ठेवणे अत्यंत उपयुक्त ठरते.

भरलेले मॅगझिन तसेच ठेवल्याने स्प्रिंग मरते, असा एक समज आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली असता फार थोडी शिथिल होते. तिला खरी झीज होते ती वारंवार दाबल्या-सुटल्याने आणि मर्यादेबाहेर दाबल्याने. यातूनच पर्यायी मॅगझिनांच्या एका मोठ्या वर्गाची अडचण स्पष्ट होते. मूळ मॅगझिनहून दोन काडतुसे अधिक बसतात, हे त्यांचे आकर्षण असते. परंतु त्याच लांबीच्या डबीत अधिक काडतुसे बसवावयाची म्हणजे स्प्रिंगसाठी उरणारी जागा कमी करावयाची. हिशोब कोठे तरी चुकता करावाच लागतो, आणि तो बहुधा विश्वसनीयतेच्या खात्यातून चुकता होतो.

रचनेचा परिणाम किती दूरगामी असतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्टेन गन. तिच्या ३२ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये दोन ओळींतील काडतुसे वर येताना एका ओळीत कोंबली जात. त्या ठिकाणच्या घर्षणामुळे ती अडे, म्हणून सैनिक त्यात ३२ ऐवजी २८ ते ३० काडतुसेच भरीत. पुढे आलेल्या स्टर्लिंग कार्बाइनमध्ये (कानपूर येथे हीच १-ए कार्बाइन म्हणून तयार होत असे) काडतुसे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सुटण्याची सोय केली, फॉलोअरला रुळ लावले, आणि ९ मिलिमीटर काडतूस पुढे किंचित निमुळते असते हे ओळखून डबीला बाक दिला. स्टेनचे मॅगझिन ‘मूळ’च होते, पण मूळ रचनाच सदोष असेल, तर ती रचना कोणीही कितीही कसोशीने पाळली तरी दोष टळत नाही.

३. ‘मूळ’ म्हणजे नेमके कोणाचे?

मूळ आणि पर्यायी हा भेद व्यवहारात वाटतो तितका स्वच्छ नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचे .४५ बोअरचे १९११ प्रतीचे पिस्तूल कोल्टखेरीज टंकयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन रँड, बंदुका करणाऱ्या इथाका आणि रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नल या कंपन्यांनी तयार केले. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीनेही ५०० पिस्तुले केली. त्यांची मॅगझिने रिस्डन, स्कोव्हिल, लिटल यांसारख्या धातुकाम करणाऱ्या निराळ्याच उत्पादकांकडून येत. तरीही कोणतेही मॅगझिन कोणत्याही पिस्तुलात बसले पाहिजे, असा दंडक होता. येथे ‘मूळ’ हे कोणा एका कारखान्याचे नाव नव्हते. ते सैन्याने मान्य केलेले आराखडे, मान्य तफावतीची कोष्टके आणि तपासनिसाच्या हातातील गेज होते.

आजही हीच स्थिती आहे. इटलीतील मेक-गार ही कंपनी अनेक नामांकित पिस्तूल-उत्पादकांना मॅगझिने पुरविते आणि त्याच वेळी स्वतःच्या नावानेही विकते. अशा वेळी डबीवर कोणाचे नाव उमटविले आहे, यावरून तिच्या गुणाविषयी अनुमान काढणे म्हणजे पाटीवरून पाण्याची गोडी ठरविण्यासारखे होय.

आपल्याकडील व्यवस्थेतही हा भेद आता पुसट होत आहे. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीचे ९ मिलिमीटर १-ए पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात होत आले आहे. लहान शस्त्रांची काडतुसे महाराष्ट्रातील खडकी व वरणगाव येथील कारखान्यांत होतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. त्यांत ईशापूरचा कारखाना एका कंपनीकडे गेला, तर खडकी व वरणगाव हे पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने (स्थापना १९५८) महू येथील पायदळ शाळेच्या सहकार्याने सिद्ध केलेले ‘अस्मी’ हे ९ मिलिमीटर मशीन पिस्तूल २०२१ च्या जानेवारीत प्रकट झाले. त्याचे उत्पादन मात्र हैदराबादच्या एका खासगी यंत्रोत्पादक कंपनीकडे गेले. रचना एकाची, घडण दुसऱ्याची, काडतूस तिसऱ्याचे, अशा व्यवस्थेत या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे आराखडाच होय.

भारतात हा प्रश्न मुख्यतः सरकारी खरेदीचा आणि मर्यादित प्रमाणात परवानाधारकांचा व नेमबाजांचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘शस्त्रे’ या संज्ञेत शस्त्रांचे भागही अंतर्भूत असल्याने, अमेरिकेप्रमाणे सुट्या मॅगझिनांचा खुला बाजार येथे नाही. खरेदी करणारा मोठा आणि विक्रेते मोजके, अशा परिस्थितीत परीक्षेची जबाबदारी साहजिकच खरेदी करणाऱ्यावर अधिक येते.

४. दोन उदाहरणे, दोन धडे

पहिले उदाहरण आपल्या निकटचे आहे. पुण्याच्या उपरोक्त संस्थेने रचलेल्या इन्सास रायफलला २० काडतुसांचे अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे मॅगझिन दिलेले होते. किती काडतुसे शिल्लक आहेत हे सैनिकास दिसावे, आणि वजन कमी व्हावे, हा त्यातील हेतू प्रशंसनीय होता. १९९९ च्या कारगिल युद्धात हिमालयातील अतिउंच व अतिशीत जागी ही मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी झाल्या. बहुतेक प्लॅस्टिके थंडीत आपली लवचीकता गमावून ठिसूळ होतात, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवे नाही. येथे मॅगझिन पर्यायी नव्हते, पूर्णपणे मूळ होते. वस्तू आराखड्याप्रमाणे होती, पण आराखड्याने कल्पिलेले हवामान आणि प्रत्यक्ष रणभूमीचे हवामान यांत अंतर पडले.

दुसरे उदाहरण २००३ नंतरच्या इराकमधील आहे. अमेरिकन सैन्याच्या बेरेटा पिस्तुलासाठी एका अन्य उत्पादकाकडून कंत्राटाने घेतलेली मॅगझिने बारीक वाळूत अडू लागली. बेरेटाची स्वतःची मॅगझिने तुलनेने बरी चालत होती. ‘बाहेरचा माल तो बाहेरचाच’ असा निष्कर्ष येथे तत्काळ सुचतो, आणि तो चुकीचा आहे. गंज लागू नये म्हणून डबीला आतून-बाहेरून फॉस्फेटचा खरखरीत लेप द्यावा, ही अट खुद्द सैन्यानेच घातलेली होती, आणि उत्पादकाने ती पाळली होती. त्या खरखरीत पृष्ठावर वाळूचे कण धरून राहत आणि फॉलोअरची वाट अडवीत. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिने आणून हा दोष दूर करण्यात आला.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता असे दिसते की, एका ठिकाणी मूळ मॅगझिन हवामानापुढे हरले, तर दुसऱ्या ठिकाणी पर्यायी मॅगझिन आज्ञाधारकपणामुळे हरले. दोहोंतही प्रश्न उत्पादकाच्या नावाचा नसून, वापराची परिस्थिती आराखड्यात व चाचणीत उतरली होती की नाही, याचा होता.

ही परिस्थिती नेहमी युद्धभूमीचीच असते असे नाही. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे समाधिस्थान बंजारा समाजाची काशी मानले जाते. रामनवमीस तेथे अनेक प्रांतांतून आलेल्या भाविकांची अलोट गर्दी लोटते. अशा यात्रेच्या बंदोबस्तावरील अधिकाऱ्याच्या कमरेचे पिस्तूल बहुधा कधीच झाडले जात नाही, आणि ते झाडले जाऊ नये हेच सर्वांचे हित आहे. परंतु ते चैत्रातील वऱ्हाडी उन्हात, धुळीत आणि घामात दिवसचे दिवस भरलेल्या स्थितीत राहते. तेलावर धूळ बसते, घामाने डबीच्या शिवणीत गंज धरतो. नेमबाजीच्या मैदानावर स्वच्छ मॅगझिनमधून हजार फैरी झाडून मिळणारी विश्वसनीयता आणि वर्षभर न वापरता ठेवलेल्या मॅगझिनने पहिल्याच प्रसंगी पहिले काडतूस बिनचूक देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय अडलेले पिस्तूल दाटीवाटीच्या जमावात मोकळे करणे हे त्या अधिकाऱ्याइतकेच आजूबाजूच्या निरपराध माणसांसही धोक्याचे असते. बंदोबस्तासाठी घ्यावयाच्या मॅगझिनची चाचणी बंदोबस्ताच्या परिस्थितीतच व्हावी, हे यावरून उघड आहे.

५. चाचणीचा हिशोब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘माझे पर्यायी मॅगझिन १०० फैरींत एकदाही अडले नाही’ अशा स्वरूपाचे पुरावे दोन्ही बाजूंनी हिरिरीने दिले जातात. त्यांचे मोल किती?

एका फैरीत दोष घडण्याची संभाव्यता ‘स’ मानली, आणि प्रत्येक फैर स्वतंत्र मानली, तर ‘न’ फैरी निर्दोष जाण्याची संभाव्यता (१ – स) चा न-वा घात इतकी येते. समजा, एखाद्या मॅगझिनमध्ये सरासरीने २०० फैरींत एक दोष आहे. शस्त्र म्हणून ते निश्चितच वाईट आहे. तरीही ते १०० फैरींची परीक्षा एकही दोष न दाखविता उत्तीर्ण होण्याची संभाव्यता सुमारे ६१ टक्के, आणि २०० फैरींची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सुमारे ३७ टक्के आहे. उलट बाजूने पाहता, ‘न’ फैरी निर्दोष गेल्या असता ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की, दोषाचे प्रमाण सुमारे ३/न यापेक्षा अधिक नाही. म्हणजे १०० निर्दोष फैरींनी ३ टक्के, ३०० नी १ टक्का, आणि हजारात एक ही मर्यादा सिद्ध करावयाची तर सुमारे ३,००० निर्दोष फैरी लागतात.

तुलनेच्या बाबतीत तर आणखी सावधगिरी हवी. मूळ व पर्यायी मॅगझिनांतून प्रत्येकी ५०० फैरी झाडल्या आणि अनुक्रमे २ व ५ दोष आढळले, असे माना. पर्यायी मॅगझिन अडीचपट वाईट, असा निर्णय देण्याचा मोह होतो. परंतु दोन्ही वस्तुतः समान असली, तरी एकूण ७ दोष २ व ५ असे किंवा याहून विषम वाटले जाण्याची संभाव्यता सुमारे ४५ टक्के आहे. नाणेफेकीहून हा पुरावा फारसा बळकट नाही.

आणखी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. दोष फैरींत सारखे विखुरलेले नसतात; ते विशिष्ट मॅगझिनांत साचलेले असतात. समजा, ‘अ’ उत्पादकाच्या प्रत्येक मॅगझिनमध्ये ५०० त एक दोष आहे. ‘ब’ च्या १० पैकी ९ मॅगझिने जवळजवळ निर्दोष असून दहाव्यात ५० त एक दोष आहे. दोघांची सरासरी एकच, ५०० त एक. परंतु प्रत्येक मॅगझिनमधून १०० फैरी झाडून दोषी मॅगझिन बाजूला काढले, तर ‘ब’ चे वाईट मॅगझिन सुमारे ८७ टक्के वेळा पकडले जाते, आणि निवडून उरलेल्या मॅगझिनांची सरासरी सुमारे ३,४०० फैरींत एक दोष इतकी उतरते. ‘अ’ च्या बाबतीत कितीही निवड केली तरी सुधारणा शून्य, कारण तेथे निवडण्यासारखा भेदच नाही. ज्या कारखान्यात गेजची तपासणी शिथिल असते तेथील माल बहुधा ‘ब’ च्या धर्तीचा असतो. असा माल न पारखता वापरणे धोक्याचे; पारखून वापरणे मात्र शक्य असते. मूळ मॅगझिनसाठी जी अधिक किंमत मोजली जाते, ती पुष्कळ अंशी ही पारख कारखान्याने आधीच केलेली असते, याची किंमत होय. ही पारख खरोखर झाली आहे की नाही, हे खरेदी करणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

शेवटी, दोष नेमका कोणाचा हेही वेगळे काढावे लागते. काडतुसाची लांबी, पिस्तुलाची कोठी आणि मॅगझिन या तिहींपैकी कोणीही अपराधी असू शकतो. ४ पिस्तुले, ४ प्रकारची मॅगझिने आणि काडतुसांचे ४ गट घेऊन, कपाशीच्या वाणांची चाचणी शेतावर घेतात तशी लॅटिन चौरसाची मांडणी केली, तर १६ मांडण्यांत तिन्ही कारणांचे मुख्य परिणाम अलग पाहता येतात. एका पिस्तुलात एकच मॅगझिन घालून केलेल्या हजारो फैरीही हे काम करू शकत नाहीत.

६. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. मूळ मॅगझिनला प्रथमदर्शनी झुकते माप देणे सयुक्तिक आहे. कारण आराखडा, गेज आणि पिस्तूल ही त्याच्या उत्पादकाच्या हाती एकत्र असतात. परंतु ते झुकते माप म्हणजे निर्णय नव्हे. पर्यायी मॅगझिन मान्य आराखड्यावर, मान्य गेजने तपासून घेतलेले असेल, आणि अधिक काडतुसांच्या लोभाने स्प्रिंगचा बळी दिलेला नसेल, तर ते मूळ मॅगझिनच्या बरोबरीने उतरू शकते. जेथे हजारोंनी खरेदी करावयाची आहे तेथे नमुन्यादाखल थोडी मॅगझिने घेऊन त्यांतून पुष्कळ फैरी झाडण्याऐवजी, पुष्कळ मॅगझिनांतून प्रत्येकी थोड्या फैरी झाडून मॅगझिनागणिक नोंद ठेवणे अधिक फलदायी होईल. त्यासाठी प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालणे आणि दोष कितव्या काडतुसास, कोणत्या पिस्तुलात, कोणत्या परिस्थितीत घडला हे नोंदविणे, एवढेच साधन पुरेसे आहे. ते स्वस्त आहे आणि कोणत्याही पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आजच उपलब्ध होऊ शकते.

विश्वसनीयता हा वस्तूच्या अंगी एकदाच भरलेला गुण नव्हे. ती वस्तू, तिचा वापर आणि तिची पारख या तिघांतील संबंधाचे ते नाव आहे. हा संबंध जो मोजीत नाही, त्याला डबीवर उमटविलेल्या नावावरच विसंबून राहावे लागते.